आधी शेजाऱ्याला विचारायचं

आमच्या गटात एकच नियम आहे. कानात हुकूम आला की लगेच उठायचं नाही. आधी शेजाऱ्याला विचारायचं, तुला ऐकू आला का? तो नाही म्हणाला, की आवाज आतला. आम्ही सगळे फौजेतून परतलेले आणि आवाज ऐकणारे. गोळ्या डॉक्टर देतात. नियम आमचा आम्ही काढला. रविवारी दुपारी नंदुरबारच्या मिरची बाजारामागच्या खोलीत जमतो, शिंकतो आणि एकमेकांना विचारतो.

कुणीतरी आमचा सत्कार ठरवला. प्रमुख पाहुणे आले, शाली आल्या आणि कुजबुजही पुरेल एवढ्याशा खोलीत माइक आला. देशाविषयी भरपूर बोलून झाल्यावर पाहुणे भरात येऊन ओरडले, "सावधान!"

आम्ही सगळे ताडकन उठलो. पाहुणे खूश. 'विश्राम' म्हणायचं विसरून ते फोटोकडे वळले.

बाकीचे ओशाळून बसले. माझ्या शेजारचा कोरीट गावचा हवालदार मात्र ताठ उभाच. समोर बघत त्यानं विचारलं, "आवाज उना का तुले?"

"उना ना भाऊ. माइकवरून."

"आते रूळवर चाल म्हनस. हाई ऐकू उनं का?"

"नही."

"तोच आवाज शे. खोटं बोली ऱ्हायना तू."

रूळ हाकेच्या अंतरावर. सुरतेकडून येणारी गाडी शिटी देत होती. तो दाराकडे निघाला. मी त्याचा दंड धरला. लाकूड धरल्यासारखा लागला. गटातले एकेक जण "मले नही उना" म्हणत होते. तो थांबेना.

"साहेब," मी ओरडलो, "माइक बंद करा आणि पुन्हा म्हणा. नुसत्या तोंडानं."

शाल सावरत पाहुणे म्हणाले, "सावधान?" चहात साखर किती, असं विचारावं तसं.

हवालदार वळला. पाहुण्यांकडे बघत राहिला. मागून गाडी धडधडत निघून गेली.

"हाऊ तो नही," तो म्हणाला. "रूळवाला आतला शे." मग मटकन बसला आणि सत्काराच्या शालीनं घाम पुसू लागला.

संध्याकाळी त्याला कोरीटच्या रिक्षापर्यंत सोडायला गेलो. दर चार पावलांवर तो थांबायचा. "उना का?" मी म्हणायचो, "नही."

तो रिक्षात बसल्यावर मला राहवेना. दुपारपासून माझ्या मानेमागे कुणीतरी शांतपणे सांगत होतं.

"भाऊ, 'सोड त्याचा हात' असं कुणी म्हटलं का?"

त्यानं डोळे मिटून नीट कान दिला.

"नही ना भो."

मी त्याच्या शेजारी बसलो आणि कोरीटपर्यंत गेलो.