फरशीखालचा खड्डा

आग लागली तेव्हा तुळजाबाई पौनीकर पाण्याला गेली होती. ती परत येईतो गल्लीतली अकरा घरं जळून बसली होती. तिचा नवरा जागेश्वर विणकर. पेटत्या घरातून त्याने भांडी काढली नाहीत. मागाची फणी, धोटा आणि हाती लागली तेवढी लाकडं ओढून काढली. घरमालकाने ती जागा दुसऱ्याला दिली, आणि नवरा-बायको नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या तलावाकाठी ताडपत्रीखाली राहायला गेली. साल एकोणीसशे चोपन्नचं.

दोन पावसाळे तिथे गेले. दुसऱ्यात तुळजाबाईची छाती भरली. जागेश्वरने तिला पाठीवर घेऊन चिखलातून सरकारी दवाखाना गाठला. ती वाचली, पण तेव्हापासून ढग आले की तो गप्प होई.

छप्पन्नच्या उन्हाळ्यात सरकारने बेघरांसाठी खोल्या बांधल्या. 'बेघर' हा शब्द तुळजाबाईने यादी वाचली गेली तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आपल्याच नावापुढे. तिला तो शिवीसारखा लागला. पण खोली पक्की होती. कौलं नवी, दाराला कडी, खाली शहाबादी फरशी. तिने चूल मांडली. जागेश्वर मात्र टाचेने फरशी ठोकत खोलीभर फिरत राहिला.

"माग कुठं बसवू वं?"

त्याचा माग खड्ड्याचा. विणकर काठावर बसणार, पाय खाली खड्ड्यातल्या पावड्या दाबणार. आणि खोलीच्या कागदावर अट होती: फरशी उखडायची नाही, खणायचं नाही.

खोल्यांचे कारकून मनोहरराव महाल भागातून सायकलवर येत. माणूस भला. त्यांनी स्वतःच अर्ज लिहून दिला. "वर पाठवतो. तुम्ही विणकर आहात, विचार होईल."

नोव्हेंबरात राज्यच बदललं. नागपूर मुंबई राज्यात आलं, जुन्या राज्याची राजधानी भोपाळला गेली. थंडीत तुळजाबाईने अर्जाचं विचारलं, तेव्हा मनोहररावांनी टोपी काढून डोकं पुसलं. "बाई, काही फायली भोपाळला गेल्या, काही मुंबईला. तुमचा कागद कुठल्या पेटीत गेला, मलाही ठाऊक नाही."

"मंग आमी खावं काय, बाबूजी?"

त्यांनी टोपी चढवली आणि सायकल पुढे ढकलली.

दुसऱ्या दिवशी जागेश्वर बाजारात ओझी उचलायला गेला, आणि तुळजाबाईने शेजारणीची सब्बल, लोखंडी पहार, आणली. चार फरश्या उचलून ती खणायला बसली. संध्याकाळी तो आला तेव्हा ती कमरेपर्यंत खड्ड्यात उभी होती.

"काहून केलं वं हे?"

"तुमी पोती उचलून राहिले, ते मले पाहावत नाही."

तो आत उतरला आणि म्हणाला, "वीतभर अजून पाह्यजे."

चार महिने लुगडी निघाली. ती सुताच्या कांड्या भरी, तो विणी. मनोहररावांनी खटखट ऐकली होती. ते आत न डोकावता दारातूनच भाड्याची सही घेऊन पुढे जात. पण एकदा वरचा अधिकारी अचानक आला. नोटीस लागली: आठ दिवसांत खड्डा बुजवा, नाहीतर खोली सोडा.

"सोडू खोली," तुळजाबाई म्हणाली. ती उमरेडला भावाकडे गेली. भावाने गोठ्याशेजारची पडवी देऊ केली. तिथे माग बसेल, निजायलाही होईल. तिसऱ्या दिवशी ती आनंदाने परतली, तर खड्डा बुजलेला होता. फरश्या जागच्या जागी, सांध्यांत ओलं सिमेंट. माग नव्हता.

"रुपरावले देला," जागेश्वर म्हणाला. रुपराव त्यांच्या जुन्या गल्लीतला विणकर.

"मले विचारलं काहून नाही?"

"खड्डा खोदताना तू मले विचारलं होतं का?"

ती ओरडली, "भाऊ पडवी देऊन राहिला होता! तिथं जाऊन विणलं असतं!"

"पडवी गळते तुह्या भावाची. मी पाह्यली हाये." त्याचा आवाज खाली आला. "एकदा तुले पाठीवर नेलं. पुन्हा नाही नेणार मी."

पंधरा दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. भाकर वाढी, पाणी देई, तोंड फिरवी. तो हातगाडी ओढायला लागला. खांद्यांवर वळ उठले तेव्हा मात्र तिने न बोलता तेल गरम केलं.

त्या पावसाळ्यात खोलीत एक थेंब आला नाही. तिला खोकलाही झाला नाही. तरी आपल्यासाठी याने हातचा धंदा सोडला, हे तिच्या मनातून जाईना; आणि त्याचे उपकार मानावेत की त्याला दोष द्यावा, हेही तिला उमगेना.

दिवसाचं काम संपल्यावर जागेश्वर रोज तासभर उशिरा येऊ लागला. दारू नव्हती, पत्ते नव्हते. रुपरावच्या बायकोनेच एकदा सांगितलं, "भाऊजी येतात अन् मागापाशी बसून राहतात. धोट्याले हातबी लावत नाहीत."

तुळजाबाईने त्याला कधी त्याबद्दल विचारलं नाही. फक्त स्वयंपाक तासभर उशिरा करू लागली.