डाव्या हातातला रंधा

शाळेच्या पडवीत एक मुलगी डाव्या हाताने रंधा मारत होती. फळीवरून कागदासारखी पातळ ढलपी उठे, उन्हात गुंडाळत जाई आणि अलगद खाली पडे. बघता बघता मला गुंगी आल्यासारखं झालं.

लाकडाच्या रेषा जिकडे धावतात तिकडेच रंधा चालवावा, हे मी याच पडवीत वर्षानुवर्षं शिकवलं. लाकडाचा कल मी असा जपला. डावखुऱ्या सुमनला मात्र एके वर्षी सगळ्या वर्गादेखत म्हणालो होतो, "उजव्या हाताने जमत नसेल तर भरतकाम कर." तिने रंधा खाली ठेवला, तो कायमचाच. चूक माझी होती, आणि हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही.

मी बघतोय हे पाहून मुलगी थबकली. "आजोबा, चुकतंय का माझं?"

"नाही गं. हात बदलू नकोस."