आ करा बघू

ऐंशीच्या दशकात नौपाड्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई कर्करोग टाळण्यावर संशोधन करत. खाडीकाठच्या गावांत जाऊन दातांना भाजक्या तंबाखूची मिश्री लावणाऱ्या बायकांची तोंडं तपासत. कुणाशीही बोलताना त्या डोळ्यांकडे नव्हे, ओठांकडे बघत. पर्समध्ये बॅटरी कायम. बाजारातली कोळीण त्यांना पाहून स्वतःच तोंड उघडायची, "बघ गो बाय, पन म्हावरा घेवनच जा!"

आमच्या हळदीकुंकवाला त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, मिश्री लावता ना? आ करा बघू." मी आतल्या खोलीतून ओरडलो, "बाई, आमच्यात असलं कुणी लावत नाही!" मोरीतली हिची मिश्रीची डबी मला रोज दिसत होती.

बाई म्हणाल्या, "मी त्यांना विचारतेय."

ही मान खाली घालून स्वयंपाकघरात गेली.

पुढे गालाच्या कर्करोगाने ही वारली. सोसायटीतल्या शहाण्यांनी ठरवलं, बाईंच्या अभद्र बोलण्यानेच रोग आला. त्यांना हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. मी गप्प बसलो. हे निर्लज्ज लोक अजूनही तेच सांगत फिरतात. मग ऐका. बाईंनी वेळेवर विचारलं होतं. हिच्या वतीने उत्तर मी दिलं.