गच्चीवरचा गाळ

आमच्या प्रयोगशाळेत त्या महिन्यात नदीकाठच्या मातीचे नमुने आले होते. काही पुलाखालचे, काही नाला नदीला मिळतो तिथले, काही शहराच्या खालच्या अंगाचे, जिथे लोक नदीचं पाणी उपसून भाजी पिकवतात. त्यांत शिसं, कॅडमियम, जस्त असे धातू किती आहेत ते मोजायचं होतं. अशा मोजणीत एखादी साधी, स्वच्छ माती जोडीला लागते. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय बाकीच्यांत जास्त काय आहे ते कळत नाही.

"स्वच्छ माती आणायची कुठून?" आमच्या मॅडमनी विचारलं.

"आमच्या गच्चीवरची आणते," मी म्हटलं. "सासरे भाजी लावतात."

सांगताना मला थोडा अभिमानच वाटला होता. शनिवार पेठेतल्या आमच्या इमारतीत आम्ही सगळ्यात वर राहतो, त्यामुळे गच्ची जवळजवळ आमचीच. सासरे एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि सासूबाई गेल्यावर त्यांनी गच्चीवर प्लॅस्टिकची अर्धी कापलेली पिंपं मांडून पालक, मेथी, मुळा लावायला सुरुवात केली. कचेरीतली सवय म्हणून एका वहीत सगळं लिहून ठेवायचे. कुठल्या पिंपात कधी काय पेरलं, कधी खत घातलं, कधी पहिली जुडी निघाली. माझी चार वर्षांची मुलगी दिवसभर त्यांच्या मागे. मी कामावर असताना ती गच्चीवर आहे, मातीत खेळते आहे, या विचाराने मला निवांत वाटायचं.

एका डबीत मूठभर माती घेऊन गेले. ती वाळवली, चाळली, बाकीच्या नमुन्यांबरोबर आम्लात उकळली, गाळली, यंत्रात घातली. दुपारी आकडे आले, तेव्हा मॅडम कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्यास का गं? तुझी स्वच्छ माती आकड्यांत नाल्याच्या तोंडाशी जाऊन बसली आहे."

मीही तेच म्हटलं, की बदलल्या असतील. दुसऱ्या दिवशी नवी डबी आणली, प्रत्येक बाटलीवर दोनदा लिहिलं. आकडा तोच आला. शिसं शेतजमिनीत असतं त्याच्या कितीतरी वर. कॅडमियमही होतं. मग एकदम लक्षात आलं. वर्षापूर्वी नदीपात्रात खोदकाम चालू होतं, तेव्हा सासऱ्यांच्या ओळखीच्या एका टेंपोवाल्याने गाळाची आठ पोती आणून दिली होती. काळाभोर, मऊ गाळ. सासरे दोन बोटांत चोळून म्हणाले होते, "लोण्यासारखा आहे." मी तेव्हा तिथेच उभी होते. नदीतल्या गाळाचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम, आणि मी हसून मान डोलावली होती.

घरी पोचले तर दोघं गच्चीवरच होते. सासऱ्यांनी मुळा उपटला, टॉवेलने पुसला आणि नातीच्या हातात दिला. तिच्या नखांत माती होती. मी धावत जाऊन तो मुळा तिच्या हातातून ओढून घेतला. ती रडायला लागली.

"काय झालं?" सासरे म्हणाले.

"धुतला नाही, बाबा."

"आजवर कधी धुतला होता?"

मी मुलीला उचलून खाली आणलं आणि तिचे हात साबणाने इतके चोळले की ती म्हणाली, "आई, दुखतंय."

पुढचे तीन-चार दिवस मी चोरासारखी वागले. गच्चीवरचा पालक सासरे आणून ओट्यावर ठेवायचे, मी तो पिशवीत घालून कचऱ्यात टाकायची आणि मंडईतून दुसरा आणायची. मुलीला गच्चीवर ऊन लागतं, सर्दी होते, असं काहीबाही सांगून घरात ठेवायची. नवऱ्याला सांगितलं, तर त्याने फोनवर वाचत बसून माझ्यापेक्षा जास्त धसका घेतला. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, हे मला शिकताना परीक्षेपुरतं पाठ होतं. आता तेच वाक्य मुलीच्या प्रत्येक हालचालीला चिकटलं. तिचं पोट दुखलं, की शिशानेच. ती एखादा शब्द विसरली, तिने रागाने पेला फेकला, की शिशानेच. ती झोपली की मी तिच्या हिरड्या बघायची. त्यावर काळी रेघ दिसते, असं कुठेतरी वाचलं होतं. रेघ नव्हती, तरी रोज बघायची.

रविवारी सकाळी चहा घेताना सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"माझा पालक आपल्या घरातून थेट कचऱ्याच्या डब्यात जातो, हे मला दिसतं. चष्मा नुकताच बदलला आहे. काय ते सांगून टाक."

मी सांगितलं. माझं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "म्हणजे वर्षभर मी नातीला विष चारतोय."

"तसं नाही, बाबा."

"मग कसं?"

मला जेवढं माहीत होतं तेवढं समजावलं. जुने रंग, फोडलेल्या बॅटऱ्या, धातूवर मुलामा देणारे छोटे कारखाने, रस्त्यावरची धूळ, हे सगळं पावसाच्या पाण्याबरोबर गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत येतं. पाणी पुढे निघून जातं, पण धातू बारीक चिखलाला चिकटून खाली बसतो. कचरा कुजतो तसा तो कुजत नाही. जळलेल्या डिझेलची काजळी, तेल, जुनी कीटकनाशकं, तीही त्याच चिखलात जाऊन बसतात. त्यांची तपासणी शेजारच्या विभागात व्हायची होती. पानांत कॅडमियम चढतं, शिसं बहुतेक मुळाशी आणि मातीतच राहतं. मुलीने भाजी खाल्ली त्यापेक्षा मातीचे हात तोंडात घातले, याची मला जास्त भीती होती.

त्यांनी वही उघडली. गाळ कधी आला, कुठल्या पिंपात किती घातला, सगळं नोंदलेलं होतं. एका पानावर बोट ठेवून ते थांबले.

"मी पिंपांत आंबट ताक घालत होतो. दर आठवड्याला. त्याने काही झालं असेल?"

मी गप्प राहू शकले असते. नवरा माझ्याकडे बघत होता, नको सांगू अशा नजरेने. पण हा माणूस आयुष्यभर कागदावर खरं तेच लिहीत आला होता.

"आंबट मातीत धातू सुटा होतो," मी म्हटलं. "मुळांना घ्यायला सोपा जातो. थोडाफार फरक पडला असेल."

त्यांनी वही मिटली आणि आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत.

सोमवारी मुलीचं रक्त दिलं. शीर सापडेना, दोनदा सुई टोचावी लागली. रिपोर्ट यायला काही दिवस लागणार होते. त्या दिवसांत सासरे गच्चीवर गेले नाहीत. पिंपांना पाणी कुणीच घातलं नाही. नात त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणायची, "आजोबा, चला ना वर." ते म्हणायचे, "गुडघा दुखतोय." त्यांचा गुडघा कधी दुखल्याचं मी ऐकलं नव्हतं.

रिपोर्ट आला. रक्तात शिसं होतं. डॉक्टरीणबाई शांत होत्या. "औषध द्यावं इतकं नाही. पण अजिबात नसतं तर बरं, हेही खरं. माती बंद करा, हात धुवा, लोह आणि कॅल्शियम पोटात जाऊ द्या. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

"पुढे काही परिणाम?" मी विचारलं.

"बहुधा नाही," त्या म्हणाल्या. या 'बहुधा'ला धरून मी किती दिवस काढले, ते माझं मला माहीत.

सासऱ्यांनी रिपोर्ट स्वतः वाचला, आकडा वहीत लिहिला. मग म्हणाले, "आठ पोत्यांपैकी दोन मी खाली वाटली. पहिल्या मजल्यावर एक, दुसऱ्या मजल्यावर एक. तळमजल्यावर दर आठवड्याला पालक देत होतो. त्यांना सांगायला हवं."

"मी सांगते, बाबा."

"माती मी दिली. तू फक्त बरोबर चल. त्यांनी शास्त्रातलं काही विचारलं, तर मला येणार नाही."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ हसले. "अहो, आपण या पुण्याच्या हवेत साठ वर्षं जगलो, आता मुळा काय करणार?" दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची सून गरोदर होती. आम्ही दिलेल्या गाळात लावलेली मेथी त्या तिला मुद्दाम खायला घालत होत्या. त्यांनी आधी ऐकून घेतलं, मग दाराची कडी घट्ट धरून म्हणाल्या, "घरात तपासणारं माणूस असताना तुम्ही न तपासता कशी वाटलीत?"

प्रश्न सासऱ्यांना होता, पण त्या बघत माझ्याकडे होत्या. मी काही बोलायच्या आत सासरे म्हणाले, "चूक माझी आहे. सुनेला घेऊन दवाखान्यात जा, मी बरोबर येतो." ते खरोखरच दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर जाऊन दवाखान्याच्या बाकावर दोन तास बसून आले. त्या सुनेचा रिपोर्ट ठीक आला. तरी तिचं बाळंतपण होईपर्यंत मी जिन्यात ती दिसली की नजर खाली घालायची.

तळमजल्यावरच्या आजींनी मात्र सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मग आता पालक नाही मिळायचा का?"

राहिला प्रश्न गाळाचा. नवरा म्हणाला, राडारोडा नेणाऱ्या गाडीत घालून देऊ.

"ती गाडी कुठे ओतते?" सासऱ्यांनी विचारलं.

शहराबाहेर, कुठल्या तरी खड्ड्यात. आणि खड्ड्याच्या खाली कुणाची तरी विहीर असते. तशा विहिरींचं पाणी मी तपासलेलं आहे. नदीत परत टाकावा, तर तो शेवटी खालच्या गावांच्या शेतात जाणार. आम्ही तिघं गच्चीवर उभे होतो आणि त्या काळ्या मातीला जायला जागा नव्हती. शेवटी मॅडमना विचारून आम्ही त्यात चुना मिसळला, म्हणजे धातू निदान जागच्या जागी राहील. वरून विटांच्या तुकड्यांचा थर दिला आणि शेवंती लावली. पिंपांच्या तळाची भोकं बुजवून पाणी बेताचं घालायचं ठरलं. गच्चीच्या दाराला मुलीचा हात पुरणार नाही अशी वर कडी बसवली. हा उपाय आहे असं मला अजून वाटत नाही. आम्ही ते डोळ्यांसमोर ठेवलं आहे, इतकंच.

तीन महिन्यांनी आकडा उतरला. थोडाच, पण उतरला. सासऱ्यांनी तो पहिल्याच्या खाली लिहिला.

"शून्य कधी येईल?"

"शून्य बहुधा कुणाचंच येत नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली, पिशवी घेतली आणि मंडईत गेले. तासाभराने मेथीच्या दोन जुड्या ओट्यावर ठेवल्या.

"कुठली आहे, विचारलं का?" मी म्हटलं.

"विचारलं. बाई म्हणाली, 'शेतातली हाय.' शेताला पाणी कुठलं, तेही विचारलं. तर म्हणाली, 'आजोबा, घ्यायची असंल तर घ्या.'"

मी मेथी निवडली आणि चार पाण्यांनी धुतली. चौथं पाणीही थोडं गढूळ दिसलं, म्हणून आणखी एकदा धुतली.