मागच्या चाकाचा टायर

बाइक विकायची असं नवऱ्याने ठरवलं तेव्हा त्याने मला विचारलंसुद्धा नाही. मी बँकेतून घरी आले, चप्पल काढते न काढते तोच म्हणाला, रविवारी एक माणूस बघायला येतोय. काय बघायला, तर बाइक. मुलीच्या दहावीच्या वर्षी घेतलेली बाइक. मुलगी नोकरीला बंगळुरूला गेली, पण बाइक आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगखाली, बरोबर आमच्या गॅलरीच्या खाली उभी होती. मागचा टायर बसलेला, त्याला चिरा पडलेल्या, सीटवर कबुतरांनी करायचं ते करून ठेवलेलं.

उभी होती कारण गणपतीच्या आधी भांडुपहून, माझ्या ताईकडून येताना ह्याला हार्ट अटॅक आला. बाइक तोच चालवत होता, मी मागे बसले होते. त्याने गाडी कडेला घेतली, स्टँडला लावली, चावी काढून माझ्या हातात दिली आणि फुटपाथवर बसला. मग रिक्षा, हॉस्पिटल, बायपास. माझ्या भावाने बाइक आणून खाली लावली. चालायला तर डॉक्टरांनी लगेचच सांगितलं होतं. दिवाळीनंतर म्हणाले, आता बाइकही चालवा, काही हरकत नाही. पण हा माणूस घरातून खाली उतरेना. बेडवरून सोफ्यावर, सोफ्यावरून गॅलरीत. कंपनीने बसल्या जागचं काम द्यायची तयारी दाखवली, तर ह्याने राजीनामाच पाठवून दिला. मित्र यायचे, ह्याच्या हं-हूंला कंटाळून तेही येईनासे झाले. होळी होऊन गेली तरी तेच.

मला राग पटकन येतो, हे आधीच सांगून ठेवते. मी गोडीत सांगून बघितलं, ओरडून बघितलं, मुलीला फोनवर रडायला लावलं. विचारलं की म्हणायचा, दम लागतो गं. रिपोर्ट सगळे नॉर्मल आणि ह्याला दम लागतो. मला वाटायचं रुसलाय. आपण आता पूर्वीसारखे राहिलो नाही म्हणून जगावर रुसून बसलाय. बाइकचं मला फारसं काही पडलेलं नव्हतं, माझी स्कूटर आहे. पण निदान गॅलरीत उभं राहून तो तिच्याकडे बघायचा तरी. ती गेली की खाली उतरायला ह्याला काही कारणच उरणार नाही, आणि हा त्या गॅलरीतच म्हातारा होईल, ह्या विचाराने माझा जीव अर्धा झाला.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी बँकेतून परस्पर घाटकोपरला गेले आणि मागच्या चाकाचा नवा टायर आणि ट्यूब घेऊन आले. स्कूटरवर पायाशी टायर उभा केला आणि दोन्ही गुडघ्यांनी धरून आणला. तोपर्यंत माझा विचार एवढाच होता की कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला बोलवायचं, टायर बसवायचा आणि रविवारी येणाऱ्या माणसाला सांगायचं, बाबा, विकायची नाही.

टायर हॉलमध्ये भिंतीला टेकवला आणि चहा टाकायला गेले. परत येऊन बघते तर नवरा जमिनीवर मांडी घालून बसलाय, टायर मांडीवर. बाजूवर कोरलेले आकडे चष्मा कपाळावर ढकलून वाचतोय. कुठल्या वर्षी कुठल्या आठवड्यात बनवला ते त्यावर असतं म्हणे. जुना माल गळ्यात मारला नाही ना, ते बघत होता. मग रबरात नख रुतवून बघितलं, वास घेतला. म्हणाला, ताजा आहे. इतक्या महिन्यांत ह्या माणसाने स्वतःहून हात लावलेली ही पहिली वस्तू. मी चहाचे कप तसेच हातात धरून उभी राहिले आणि तोंडातून निघून गेलं, उद्या चौथा शनिवार आहे, बँक बंद, टायर मीच बदलणार, घरी, खाली.

वेडी आहेस का, म्हणाला. खरं तर त्याने स्वतःही टायर कधी घरी बदलला नव्हता. ऑइल, चेन, ब्रेक सगळं तोच करायचा, पण टायरला नेहमी पंक्चरवाल्याकडे. मी म्हटलं, व्हिडिओ असतात सगळ्याचे. तो म्हणाला, ट्यूब फाडून ठेवशील. मी म्हटलं, ट्यूब माझ्या पगारातली आहे.

सकाळी टायर उचकटायच्या दोन लोखंडी पट्ट्या, पाना, हवेचा हातपंप, भांडी घासायचं लिक्विड आणि अंगाला लावायची पावडर एवढं टबात घालून खाली उतरले. जुनी चादर पसरली. बाइक मधल्या स्टँडवर घेतली, म्हणून मागचं चाक अधांतरी. नट इतका जाम की पान्यावर उभं राहावं लागलं. शेजारणी बादल्या घेऊन आपापल्या गॅलऱ्यांत कपडे वाळत घालायला आल्या. एरवी इतक्या सकाळी कोणी कपडे वाळत घालत नाही.

चाक निघालं. मग टायर रिमपासून सोडवायचा. तो रिमला असा धरून बसतो की काही विचारू नका. मी त्याच्यावर उभी राहिले, टाचा आपटल्या, शेवटी उड्या मारल्या. पन्नाशीची बाई, सोसायटीच्या पार्किंगमध्ये टायरवर उड्या मारतेय. आणि मोबाइल वाजला. वरून नवरा. मी मान वर केली तर तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत उभा, फोन कानाला. कडेला लिक्विड लाव म्हणाला, कोरडा कशाला उचकटतेस. लावलं. सुटला. मग पट्टी घालून कड उचलायची, दुसरी पट्टी घालायची, थोडं पुढे सरकायचं. अंदाज तोच, डोशाखाली उलथणं सरकवायचा. ते कळल्यावर माझे हात झपाझप चालायला लागले आणि जुना टायर निघाला तेव्हा मी अक्षरशः वर बघून दात काढले.

दर पाच मिनिटांनी फोन. ट्यूबला पावडर लाव. आधी थोडी हवा भर, नाहीतर पट्टीत चिमटेल. मध्येच विचारलं, बाण बघितलास ना? नव्या टायरवर बाण असतो, चाक फिरतं त्या दिशेला तो हवा. मी घामाने भिजलेली, केस तोंडात, म्हटलं हो रे बाबा बघितला, मी काय आंधळी आहे? आणि फोन ठेवला. अर्थात बघितला नव्हता. टायर जवळजवळ पूर्ण चढला होता, शेवटचा वीतभर राहिला होता आणि तो काही केल्या आत जाईना. जोर लावता लावता नजर गेली. बाण उलटा. चाक उलटं बसवता येत नाही, एका बाजूला ब्रेक असतो. म्हणजे सगळं काढा आणि पुन्हा चढवा.

वाट लागली. मी चादरीवर बसून राहिले. शिव्यासुद्धा सुचेनात. मोबाइल वाजला, मी उचलला नाही. पुन्हा वाजला, पुन्हा नाही. वर बघायची इच्छाच नव्हती. मला एवढंच वाटत होतं की उद्या तो माणूस येणार, बाइक नेणार आणि मी हे सगळं आता कोणाच्या बळावर ओढत राहणार.

मग लिफ्टचं दार वाजलं आणि बर्मुडा आणि बटणं वरखाली लागलेल्या शर्टात नवरा समोर उभा. धापा टाकत नव्हता. मला म्हणाला, "फोन का उचलत नाहीस? मला वाटलं तुला काही झालं." मी एकदम गप्प झाले की हा माणूस हवालदिल होतो, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. पण त्या सकाळी ती युक्ती नव्हती, मी खरोखर हरले होते. मी टायरकडे बोट केलं. त्याने बाण बघितला, माझ्याकडे बघितलं आणि देवाची कृपा, हसला नाही.

टबातलं सामान काढून, टब उपडा घालून तो बसला. पट्टी घेतली, दाबली. कपाळावर घाम आला. मी पट्टी काढून घेतली, म्हटलं छातीचं हाड जुळलंय ते पुन्हा मोडू नकोस. त्याचा चेहरा उतरला. पण उठून वर निघून गेला नाही. म्हणाला, पंक्चरवाला पट्टी मारताना समोरच्या बाजूवर पाय ठेवतो, तिकडची कड रिमच्या खोलगट भागात गेली की इकडे ढील मिळते, इतकी वर्षं बघितलंय. मी म्हटलं, वजन आहे ना तुझं, मग उभा राहा. तो टायरवर उभा राहिला. तोल जायला लागला तसा त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मी खाली बसून पट्ट्या मारायला लागले. टायर उतरवला, उलटवला, पुन्हा चढवायला घेतला.

शेवटच्या वीतभरावर आलो तेव्हा तो वरून बोलला. मला त्याचा चेहरा दिसत नव्हता, पायच दिसत होते.

"त्या दिवशी दुखायला आधीच लागलं होतं. पुलावर. थांबायला जागा नाही, मागे डंपर. डावा हात उचलेना. एका हाताने गाडी धरली होती मी."

मी पट्टी दाबून धरली होती ती तशीच धरून राहिले. मला वाटत होतं, त्याने गाडी कडेला घेतली तेव्हाच सगळं सुरू झालं. पुलावर मी काय करत होते, म्हटलं. तर म्हणाला, तू बोलत होतीस, ताईने नवे पडदे लावले त्याबद्दल. मला त्यातलं काही आठवत नाही, आजही नाही.

मग मालवणीत म्हणाला. एरवी गावी गेल्याशिवाय त्याच्या तोंडी मालवणी येत नाही. "माझा काय झाला असता, ता सोड. तू मागे होतंस गो."

मला हंबरडा फोडावासा वाटला आणि त्याच क्षणी त्याच्या कानाखाली एक वाजवावीशीही वाटली. मी ह्याला रुसलेला समजत होते, आळशी म्हटलं होतं, नातेवाइकांसमोर म्हटलं होतं. आणि हा घाबरला होता, तोही स्वतःसाठी नाही. "हे सांगायला काय झालं होतं रे तुला?" एवढंच मला म्हणता आलं. त्यावर तो म्हणाला, पाय सटकतोय, आधी तेवढं उरक. मी सगळा जीव एकवटून पट्टी मारली आणि कड टपकन आत गेली.

हवा आम्ही आळीपाळीने भरली, दहा झटके मी तर दोन तो. चाक बसवलं, चेनचा ताण त्याने बोटाने दाबून ठरवला, नट मी आवळले. बॅटरी मेलेली, किक मारून मारून माझी पोटरी दुखली तेव्हा एकदाची गाडी सुरू झाली. तो म्हणाला, कंपाउंडमध्ये एक चक्कर मारून बघ, टायर बसलाय का नीट. मी गिअरची बाइक लग्नाआधी भावाची चालवायचे, नंतर क्वचितच. म्हटलं, तू मागे बस. वजनाशिवाय कळणार कसं?

त्याने चादरीच्या टोकाने सीट पुसली, पुन्हा पुसली. मग बसला. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर, आणि ते हात गार होते. क्लच सोडताना गाडी एकदा बंद पडली, दुसऱ्यांदा धक्के देत निघाली. पहिल्या गिअरवर, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, आम्ही बिल्डिंगला वळसा घातला. टायर नीट बसला होता. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

गेटपाशी मी वळायला ब्रेक लावला. मागून आवाज आला, थांब जरा. मला वाटलं, छातीत दुखतंय. मी मान वळवली. तोपर्यंत तो उतरलासुद्धा होता.

"गाडी बंद करू नकोस," तो म्हणाला. "हेल्मेटं वर राहिलीत. आणतो दोन्ही."