नावं ठेवायला परत आलेली माणसं

गेर्लिंडे फोट्टेलरनं चौतीस वर्षं सिनेमाची तिकिटं विकली, पण सिनेमा कोणता लावायचा हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं. ते ठरवायचे झांड्रॉक मास्तर. मास्तरांचे सिनेमे जड असायचे. त्यांत पाऊस पुष्कळ आणि बोलणं थोडं. लोक गुमान बघायचे, केक खायचे आणि घरी जायचे.

गावात थिएटर एकच, आणि ते गावकऱ्यांचं मंडळ चालवायचं. रविवारी दुपारी कॉफी-केकचा खेळ. आधी केक, मग सिनेमा, आणि सिनेमा संपल्यावर उरलेला केक. भाजायचं काम गेर्लिंडेचं, तिकिटं फाडायचंही तिचंच.

त्या वर्षी मंडळाला नवे अध्यक्ष मिळाले, डेटलेफसेन. माणूस उत्तरेकडचा, समुद्रकाठचा. जन्म बोटींच्या इंजिनांत गेला, आणि म्हातारपणी लेकीजवळ राहायला म्हणून इकडे दक्षिणेत श्वाबियाच्या डोंगरात आले. शिस्तीचे, पण मनानं चांगले. त्यांनी एक दिवस तिकिटाच्या खिडकीत डोकं घालून सांगितलं, की नोव्हेंबरचा सिनेमा या वेळी गेर्लिंडेबाईंनी निवडायचा. गेर्लिंडे "बघते" म्हणाली. त्या दिवशी तिनं बटाट्यात दोनदा मीठ घातलं.

तिनं निवडला तो एका घरातल्या माणसांच्या विनोदी सिनेमाचा दुसरा भाग. पहिला भाग तीन वर्षांपूर्वी इथंच लागला होता. आजी, आजोबा, लेक, जावई, नातवंडं आणि एक लठ्ठ कुत्रा, सगळे एका जुन्या गाडीतून इटलीला निघतात आणि डोंगरात अडकतात. तेव्हा जादा खुर्च्या टाकाव्या लागल्या होत्या. या दुसऱ्या भागात तीच माणसं मिळून घर बांधतात. गेर्लिंडेला वाटलं, घर बांधण्यावर आपल्या लोकांचा जीव. इथं पोर बोलायला लागलं की विटांचे भाव विचारतं. यात चुकणार काय?

पहिल्या रविवारी एकसष्ट माणसं आली. खेळ चालू असताना गेर्लिंडे खिडकीत बसलेली असायची, पडदा तिला दिसायचा नाही. पण चौतीस वर्षांत तिला भिंत वाचता यायला लागली होती. हसू भिंतीतून येतं. रडू येत नाही, त्यासाठी बाहेर पडणाऱ्यांचे रुमाल बघावे लागतात. आणि सिनेमा नाही आवडला तर माणसं तडक कोटांच्या खुंट्यांकडे जातात. त्या दिवशी भिंत तीनदा हादरली. मधेच दोघं कोट घेऊन गेले, त्यांतले एक झांड्रॉक मास्तर. बाकी कोट साडेसहापर्यंत खुंट्यांवरच होते.

पण डेटलेफसेनांनी एक नवी टूम काढली होती. केकच्या टेबलावर चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवल्या होत्या. ज्यानं त्यानं आपलं मत लिहून डब्यात टाकायचं. इकडच्या लोकांना मत विचारायची पाळी कधी कुणावर आली नव्हती, ते न विचारताच देतात. पण कागद फुकट मिळतोय म्हटल्यावर सगळ्यांनी लिहिलं.

सोमवारी सकाळी अध्यक्षांनी डबा मंडळाच्या टेबलावर उपडा केला. तोंड उतरलेलं होतं. एकसष्ट चिठ्ठ्यांत सिनेमाला चांगला म्हणणाऱ्या चार, आणि त्या चारही शाळकरी पोरींच्या.

"गेर्लिंडेबाई, तुमचा दोष नाही," ते हळूच म्हणाले. "पण लोकांना पसंत नाही पडला. येत्या रविवारी हा काढू आणि निवडायचं काम पुन्हा मास्तरांकडे देऊ."

गेर्लिंडेचे कान तापले. चौतीस वर्षांनी एकदा विचारलं, आणि आठ दिवसांत परत घ्यायला निघाले. तिनं चष्मा लावला आणि चिठ्ठ्या पुढ्यात ओढल्या. एकीत लिहिलं होतं की जावयाचा नट बदलला, आधीचा बरा होता. दुसरीत, आजोबांना मारायची काही गरज नव्हती. गवंडीकाम केलेल्या कुणीतरी लिहिलं होतं, की असल्या पायावर कोंबड्यांचं खुराडंसुद्धा उभं राहणार नाही. चौघांची तक्रार कुत्रा फार कमी वेळ दिसतो अशी होती. आणि बेकरीवाल्या श्वेगलरबाईंनी दोन्ही बाजू भरून लिहिलं होतं, की सिनेमातली आजी जिना बुधवारी झाडते. सभ्य घरात जिना शनिवारी झाडतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

वाचता वाचता गेर्लिंडेचे कान निवत गेले. शेवटी तर ती गालातल्या गालात हसायला लागली.

"हसताय काय?" अध्यक्ष म्हणाले.

"डेटलेफसेनसाहेब, लग्न झाल्यावर सासूला मी पहिल्यांदा जेवायला वाढलं. सगळं ताट पुसून खाल्लं आणि म्हणाली, खाता येतं. मी कोठीत जाऊन रडले. तर माझा नवरा गॉटलोब मागनं आला, म्हणाला, वेडी का काय तू? वीस वर्षांत आई कुणाला एवढं चांगलं बोलली नाही." तिनं चिठ्ठ्या नीट रचल्या. "आमच्यात शिव्या नाही घातल्या म्हणजे कौतुक. आणि एवढ्या बारकाईनं नावं ठेवली म्हणजे जीव जडलाय. ज्याला खरंच आवडला नाही ना, त्याची ही चिठ्ठी बघा."

ती झांड्रॉक मास्तरांची होती. त्यात एकच शब्द होता : धन्यवाद.

अध्यक्षांना ते पटलं नाही. इंजिनाचा माणूस, खडखड ऐकू आली की बिघाड, एवढंच त्याला ठाऊक. तरी त्यांनी एक सवलत दिली. सिनेमा अजून एक रविवार राहील. अर्धं थिएटर रिकामं दिसलं तर निवड मास्तरांकडे.

तो आठवडा गेर्लिंडेनं कसाबसा ढकलला. शेजारच्या ऑइगेनला, म्हणजे निवृत्त पोस्टमनला, तिनं कुंपणावरून विचारलं, की तुला खरं कसा वाटला? तो म्हणाला, पहिला बरा होता. तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. शुक्रवारी दुपारच्या खेळाला ती पडद्यासमोर बसून आली होती. पहिल्या भागात ती डोळ्यांत पाणी येईतो हसली होती, या वेळी नुसतीच हसली. पण म्हणून काय झालं? दुसरं पोर पहिल्यासारखं नाही म्हणून कुणी टाकून देतं का? रविवारी तिनं तीनाऐवजी पाच सफरचंदाचे केक भाजले आणि वाटेत दोनदा पस्तावली.

अडीच वाजता दारात पहिल्या उभ्या राहिल्या श्वेगलरबाई, बरोबर शेजारच्या गावची बहीण. "हिला ते बुधवारचं झाडणं दाखवायचंय," त्या म्हणाल्या. "माझ्यावर विश्वास ठेवत नाही." मागोमाग तो गवंडी आला, दोन भाऊ आणि एक मेहुणा घेऊन, पाया दाखवायला. कुत्र्यावाले चौघे नऊजण होऊन आले. आधीच्या आठवड्याला ज्यांनी नाक मुरडलं होतं ते सगळे आले, आणि ज्यावर नाक मुरडलं होतं ते दाखवायला प्रत्येकानं एक तरी माणूस बरोबर आणला होता. तीनच्या ठोक्याला खुर्च्या संपल्या. अध्यक्षांना स्वयंपाकघरातलं स्टूल मिळालं, तेही खांबाआड.

गेर्लिंडे खिडकीत बसली आणि तिनं भिंतीला पाठ टेकली. बुधवारच्या झाडण्याला थिएटरभर असा गलका झाला, की खिडकीतली सुटी नाणी खुळखुळली.

बाहेर पडल्यावर लोक पुन्हा नावं ठेवत केकपाशी उभे राहिले. कोटाकडे कुणी वळेना. पाच केकांतला एक तुकडा उरला, तोही अध्यक्षांनी उचलला. चिठ्ठ्यांचा डबा त्या दिवशी कुणी ठेवलाच नव्हता. डेटलेफसेन ताटली घेऊन खिडकीपाशी आले आणि बराच वेळ चावत राहिले.

"कुत्रा खरंच फार कमी आहे," ते शेवटी म्हणाले.

"हो ना," गेर्लिंडे म्हणाली.

मग त्यांनी कोटाच्या खिशातून ज्यातून वसंतातले सिनेमे निवडायचे ती घडी घातलेली यादी काढून खिडकीतून आत सरकवली. तिनं "बघते" एवढंच म्हणून ती घडी एप्रनच्या खिशात टाकली, आणि टेबलं पुसायला उठली.

ऑइगेन तिच्यासाठी दाराशी थांबला होता. वाटेत म्हणाला, "लोक हसतात फार. मला अर्धा सिनेमा ऐकूच आला नाही."

"मग पुढच्या रविवारी परत ये," ती म्हणाली. "अजून एक आठवडा ठेवतोय."

"यावंच लागेल," ऑइगेन कुरकुरला. गेर्लिंडेनं खिशातली घडी एकदा चाचपून पाहिली.