भुवनची माळ

माझ्या भावाला कुणी बेवडा म्हटलं की माझं डोकं फिरतं. भुवन माझा धाकटा भाऊ. म्हैसुरातल्या मेटगळ्ळीच्या कारखान्यात लेथवर उभा राहिला की कामात सुताचा फरक पडू देत नाही. पण त्याला मनाचा आजार आहे. कधी आठवडाभर झोपत नाही, नवनवे धंदे काढायच्या गोष्टी करतो, घरातलं कपाटसुद्धा विकायला काढतो. मग एकदम कोसळतो, पांघरुणाबाहेर तोंड काढत नाही. झोप यावी म्हणून प्यायला लागला, आणि पुढे दारूशिवाय त्याची सकाळ होईना.

इलाजासाठी मी काय कमी हिंडले? मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, आधी दारू सोडवून आणा, मग बघू. दारू सोडवणाऱ्या केंद्रात नेलं, तर ते म्हणाले, याचं डोकं ठिकाणावर नाही, आधी ते बरं करा. अरे, माणूस एकच आहे ना! अर्धा इथे ठेवू आणि अर्धा तिथे?

शेवटी आईनं आपला मार्ग काढला. आमच्या अग्रहारातले, म्हणजे आमच्याच वस्तीतले, महादेवराव मामा गुरुस्वामी आहेत, दरवर्षी माणसं घेऊन शबरीमलैला जातात. आम्ही मूळची भवानीला मानणारी मराठी माणसं, पण म्हैसुरात इतक्या पिढ्या गेल्यावर अय्यप्पाही घरचाच झाला. यात्रेपर्यंतचं व्रत: काळी लुंगी, अनवाणी पाय, गळ्यात तुळशीची माळ. माळ आहे तोवर दारूचा थेंब नाही. भुवननं ती अगदी मनापासून घातली. इतकी मनापासून, की डॉक्टरांच्या गोळ्याही कचऱ्यात टाकल्या. म्हणाला, "व्रतात गुंगीचं काही नको, अक्का." मी बोंबलले, पण आईला त्याचं कौतुकच वाटलं.

दोन-तीन दिवस गेले असतील. सकाळी मामांच्या घरी भजन चाललं होतं आणि भुवन थरथरायला लागला. घामानं निथळत होता, भिंतीशी बोलत होता, अंगावरून काहीतरी वेचून फेकत होता. "अंगात आलं!" कुणीतरी ओरडलं. झालं! टाळ वाढले, कापूर पेटला, माणसं त्याच्या पायावर डोकं ठेवू लागली. आई हात जोडून आनंदानं रडत होती. मी मात्र त्याचे डोळे बघितले. त्याच्या डोळ्यांत देव नव्हता, भीती होती.

"अक्का, मुंग्या! मुंग्या काढ गं!"

मी अंगणात पळाले आणि सरकारी मदतवाहिनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी कन्नडमध्ये विचारलं, रोज प्यायचे का? एकदम सोडली का? मी हो म्हणताच त्यांचा आवाज बदलला. "अजिबात थांबू नका. याने जीव जाऊ शकतो. दारू आणि मन दोन्ही बघणारा विभाग असलेल्या इस्पितळात आत्ताच्या आत्ता न्या." कुठे जायचं तेही त्यांनी सांगितलं.

ऑटो दारात आली. भुवन उठेना. दोन्ही मुठींत माळ घट्ट धरून म्हणाला, "तिथे माळ काढतील. माळ गेली की मी पिणार. मला माझाच भरवसा नाही."

मामा वाईट माणूस नाहीत, पण तेही आडवे आले. "मध्येच माळ उतरवायची नसते, सुमा. इरली, राहू दे. संध्याकाळपर्यंत शांत होईल."

"आणि तोवर मेला तर? खांदा द्यायला येणार का तुम्ही?"

मी किंचाळलेच. टाळ थांबले. सगळे माझ्याकडे असे बघत होते, जणू वेड मलाच लागलंय.

तेवढ्यात आई उठली. "महादेवराव, माळ उतरवायचा हक्क गुरुस्वामीला, नाहीतर आईला. होय ना?"

मामांनी मान हलवली.

आई भुवनपुढे बसली. "बाळा, तुझं व्रत मोडत नाही. उरलेलं मी करते. पन्नाशीच्या आतल्या बायकांना मनाई, माझी तर साठी उलटली, मला डोंगरावर जाता येतं." त्याचं एकेक बोट सोडवत तिनं माळ काढली आणि मामांच्या हातात दिली. "घाला मला."

"असं कुठे चालतं, इंदिराबाई?"

"घाला म्हणते ना!"

मामांनी घातली.

ऑटोतच भुवनला आकडी आली. मी त्याला कुशीवर वळवून धरलं होतं. ड्रायव्हरला शिव्या देत होते, देवाला देत होते, तोंडाला येईल ते बोलत होते. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला सलाईन लावलं, मग मला सगळं विचारलं. दारूचंही आणि टाकलेल्या गोळ्यांचंही. आता या म्हणणार, "पण आधी..." मी भांडायच्या तयारीतच होते.

"दोन्ही बरोबरच बघू," त्या म्हणाल्या.

मी तिथेच ढसाढसा रडले.

काही दिवस धाकधुकीत गेले. मग एका दुपारी भुवननं मला ओळखलं. आई काळ्या साडीत, अनवाणी त्याच्या खाटेशी उभी होती. नर्सनं दिलेल्या गोळ्या तिच्या तळहातावर होत्या. भुवननं त्या बोटानं उलटसुलट करून पाहिल्या.

"यातली दारूची कुठली आणि डोक्याची कुठली?"

"मला काय ठाऊक?" आई म्हणाली. "माझा मुलगा एकच आहे. तोंड उघड."